आधी पेढे, मग आर्टेमिया

उभा राहा. चहा येईल, तो नंतर. आधी मी बोलणार आणि तू ऐकणार, शाळेत होतं तसंच. मधल्या काळात तू इंजिनिअर झालास आणि मी पेन्शनीत गेलो, तेवढ्यानं हा क्रम बदलत नाही.

मेसेजमध्ये काय लिहिलंस मला? ‘सर, बॅड लक, सगळी पिल्लं गेली.’ अरे, नशिबानं जातं ते एखाददुसरं पिल्लू. ३२ पिल्लं नवव्या दिवसापर्यंत झाडून सारी गेली, तर त्याला कारणं असतात, आणि तुझ्या बाबतीत ती शोधायला भिंग नको. मी काल डोंबिवलीला येऊन टाकी बघून गेलो. तू ऑफिसात होतास, तुझ्या आईनं दार उघडलं. तेव्हा आता इथे गोष्टी रचून सांगू नकोस. काचेवर मिठाचे ओघळ, तळाला पिल्लांना घातलेल्या आर्टेमियाच्या टरफलांचा गाळ, कोराकरकरीत स्पंज फिल्टर, आणि फळीवर ओमेगा-३ च्या द्रावणाची सीलबंद बाटली. सीलबंद! पिल्लं संपल्यावर दोन दिवसांनी कुरिअर आलं, असं आई म्हणाली.

पेढे घेऊन आला होतास, आठवतं? नरानं अंडी तोंडात घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी. पेढा हातात घ्यायच्या आधी मी विचारलं होतं, ‘पिल्लांच्या खाण्याचं काय?’ तू म्हणालास, ‘सर, अजून महिना आहे.’

तो महिना तुला कुणी दिला होता, कळतंय का? त्या नरानं. बांग्गाई कार्डिनलची मादी अंड्यांचा नारिंगी घोस सोडते आणि नर तो लगोलग तोंडात घेतो. तेव्हापासून त्याचं खाणं बंद. अंडी फुटायला साधारण २० दिवस. फुटल्यावरही तो पिल्लांना लगेच बाहेर सोडत नाही. त्यांच्या पोटाशी असलेला बलक संपत येईपर्यंत आणखी आठ-दहा दिवस तोंडातच ठेवतो. हनुवटी फुगलेली, समोरून खाणं वाहतंय, आणि हा तोंड मिटून कोपऱ्यात. हे सगळं तुझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. तू फोटो काढत बसलास. रोज स्टेटसवर एक. त्या महिन्यात पिल्लांसाठी काय काय तयारी केलीस ते लिहून दे म्हटलं, तर कोरा कागद हातात ठेवशील.

आणि वर मला ऐकवतोस, खाऱ्या पाण्यातल्या माशांची पिल्लं जगवणं कठीणच असतं. कुठल्या माशांची? क्लाउनफिशची पिल्लं अंड्यातून निघतात ती काचेसारखी पारदर्शक, पाण्याबरोबर वाहणारी. त्यांना डोळ्यांना जेमतेम दिसणारे रोटिफर पुरवत राहावं लागतं, तेव्हा कुठे आठवडा-दीड आठवड्यानं ती माशासारखी दिसू लागतात. त्यासाठी रोटिफर वाढवा, रोटिफरना खायला शेवाळ वाढवा, असा सगळा संसार थाटावा लागतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी ते तंत्र बसवलं ते फुकट नाही बसवलं. बरं, तो राहू दे. तू ज्या दुकानातून ही जोडी आणलीस, तिथेच शेजारच्या टाकीत पजामा कार्डिनल असतो. लाल डोळे, मागच्या अंगावर ठिपके. तोही अंडी तोंडातच उबवतो, पण थोड्याच दिवसांत सोडून देतो, आणि बाहेर पडतात त्या इवल्याशा, वाहत जाणाऱ्या अळ्या. त्या जगवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. तू त्या वाटेला गेला असतास आणि हरला असतास, तर मी पाठीवर हात ठेवला असता.

बांग्गाईची पिल्लं मात्र बाहेर येतात ती ६ ते ८ मिलिमीटरची, काळ्या पट्ट्यांसकट बापासारखी, पहिल्याच दिवशी आर्टेमिया गिळण्याएवढ्या तोंडाची. अंडंच मुळी ३ मिलिमीटरच्या घरातलं. म्हणून तर संख्या थोडी, शंभराच्या आत. समुद्री माशांत नवशिक्याला याहून सोपा पेपर मिळत नाही. सोप्या पेपरात शून्य आणलंस, म्हणून हा संताप.

आता तुझी एकेक चूक घेऊ. तो नर तू कसा पकडलास? जाळीनं. दिवसाढवळ्या, दिवे चालू ठेवून, दगड हलवून, टाकीभर पळवून. त्याच्या तोंडात पिल्लं होती, आणि घाबरलेला नर तोंडातलं टाकून देतो किंवा गिळून बसतो. किती गेली हे तुला कधीच कळणार नाही, कारण तू मोजायला सुरुवात केलीस ती उरलेल्यांपासून. नर हलवायचा तो रात्री, दिवे मालवल्यावर. मंद लाल उजेडाची बॅटरी, पारदर्शक भांडं हळूच पाण्यात बुडवायचं, तो दगडाशी झोपेच्या तंद्रीत असतो, त्याला सावकाश आत येऊ द्यायचं आणि पाण्यासकट उचलायचं. एवढंही जमणार नसेल तर त्याला हातच लावू नये. पिल्लं मोठ्या टाकीत सुटल्यावर रात्री बॅटरीच्या उजेडात भांड्यानं गोळा केली असतीस, तरी या धसमुसळेपणापेक्षा जास्त वाचली असती. हां, मादी आणि बाकीचे मासे काही खाऊन टाकतात. तेही आधी माहीत असायला हवं, आणि पाणी खेचणाऱ्या पंपाच्या तोंडाला स्पंज बांधायला हवा. बांधला होतास? मान खाली घालू नकोस, उत्तर दे.

पिल्लं सोडून झाल्यावरही नर त्याच छोट्या टाकीत किती वेळ होता? रविवारपासून बुधवारपर्यंत. महिनाभराचा उपाशी मासा, आणि समोर त्याच्या तोंडाच्या मापाची पिल्लं. निसर्गानं त्याला जेवढा संयम दिला होता तेवढा त्यानं दाखवला. पुढचं काम तुझं होतं.

आणि ती छोटी टाकी! मिठाचं पाणी आदल्या रात्री कालवलेलं, फिल्टर त्याच दिवशी खोक्यातून काढलेला. नायट्रोजनचं चक्र मी तुला फळ्यावर शिकवलं होतं. परीक्षेत आकृतीही बरी काढली होतीस. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया, तो खाणारे जिवाणू, मग नायट्राइट, तो खाणारे दुसरे जिवाणू, मग नायट्रेट. हे जिवाणू पाकिटातून येत नाहीत, ते वस्ती करतात, आणि नव्या टाकीत ती वस्ती व्हायला चार-सहा आठवडे जातात. तुझ्या मोठ्या टाकीत ती वस्ती होतीच. पेढे आणलेस त्याच दिवशी हा स्पंज मोठ्या टाकीत टाकून ठेवला असतास, तर पिल्लं सुटेपर्यंत तो जिवाणूंनी भरला असता. पाणीही मोठ्या टाकीतलंच घ्यायचं होतं, ज्या पाण्यात ती बापाच्या तोंडात वाढली ते. किंवा सरळ मोठ्या टाकीच्याच काचेवर जाळीचा डबा लटकवायचा होता. कमी खर्च, कमी अक्कल लागते. तेही नाही.

काचेवरच्या ओघळांकडे वळू. मेचा महिना, पंखा चालू, टाकीला झाकण नाही. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. हे सांगायला इंजिनिअर लागतो का? पाणी एक बोट उतरलं की तू बादलीतलं खारं पाणी ओतत होतास. आईनं सांगितलं मला, ती बिचारी कौतुकानं सांगत होती, ‘रोज न चुकता पाणी घालायचा हो सर.’ प्रत्येक वेळी खारटपणा चढत गेला. उडून गेलेलं पाणी भरून काढायचं ते गोडं, आरओचं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर तुझ्याकडे आहे, महागातला आहे, त्याच्या डबीवर धूळ आहे.

तरीही ऐक, यानं सगळी मेली नसती. काही दुबळी गेली असती, काही तगली असती. सगळी गेली ती खाण्यामुळे, आणि इथे जरा नीट लक्ष दे, कारण तुला अजूनही वाटतंय की तू पोटभर खायला घातलंस.

पिल्लं सुटली आणि तू आर्टेमियाची अंडी शोधायला निघालास. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हण तुझ्यासाठीच केली असावी. खाऱ्या पाण्यात, २८ अंशांच्या आसपास, खालून हवा सोडून, वर दिवा ठेवून ती अंडी फुटायला एक दिवस लागतो, तोही अंडी ताजी असतील तर. म्हणजे पिल्लं सुटायच्या आठवडाभर आधी एकदा उबवून बघायचं, डब्यातली अंडी जिवंत आहेत का मातीमोल. तू पहिला दीड दिवस मोठ्या माशांचं खाणं चुरून घातलंस. पिल्लांनी ते तोंडात घेतलं, थुंकलं, ते तळाला जाऊन कुजलं. त्यांना हलणारं भक्ष्य लागतं. मग तिसऱ्या दिवसापासून आर्टेमिया आला, आणि तू सुटकेचा नि:श्वास टाकलास. पिल्लांची पोटं नारिंगी दिसायला लागली, त्याचाही फोटो आला मला.

मग पाचव्या-सहाव्या दिवसापासून काय झालं, तुझ्याच तोंडून ऐकलं मी. सकाळी दिवा लावला की दोन-तीन पिल्लं गरगर फिरायची, ताठ व्हायची आणि तळाला जायची. दार आपटलं, की आणखी एक. तू फ्लॅश मारून व्हिडिओ काढलास तेव्हा चार एकदम. तू अनुमान काढलंस, ‘सर, फार भित्री जात आहे.’ जात भित्री नाही रे. जी जात लाटांच्या, वादळाच्या, शिकाऱ्यांच्या समुद्रात वाढते ती दिव्याच्या बटणानं मरते, हे तुझ्या मनाला पटलं तरी कसं?

समुद्री माशाच्या पिल्लाला मेंदू, डोळे, मज्जा घडवायला डीएचए नावाचं मेदाम्ल लागतं. ओमेगा-३ च्याच घराण्यातलं. ते त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. समुद्रात पिल्लू बारीक कोपेपॉड खातं, त्यात डीएचए भरपूर असतं. आर्टेमिया मात्र मिठागरातला, खाऱ्या तळ्यांतला जीव; समुद्रातल्या पिल्लाच्या गरजेचं डीएचए त्याच्यात जवळजवळ नसतंच. पोट भरतं, नारिंगी दिसतं, आणि आत मज्जासंस्था कच्ची राहते. असं पिल्लू स्वस्थ असेपर्यंत तरतं आणि दचकलं की आकडी येऊन जातं. माहीतगार माणसं हे पहिल्या झटक्यालाच ओळखतात. तू चार दिवस बघत राहिलास आणि पडदे लावलेस.

आता म्हणशील, मी हिरवं पाणी घातलं होतं. घातलं होतंस, दुकानदारानं दिलेलं. ते बहुधा नॅनोक्लोरोप्सिस नावाचं शेवाळ. त्यात ईपीए हे दुसरं ओमेगा-३ असतं, डीएचए नसल्यात जमा. आयसोक्रायसिस असतं तर थोडा उपयोग झाला असता. हिरवं दिसलं की पौष्टिक, हे पालकाच्या भाजीपुरतं ठेव.

त्या सीलबंद बाटलीचं काम काय आहे ते लिहून घे. आर्टेमिया फुटतो तेव्हा पहिले काही तास त्याला तोंडच नसतं. तो स्वतःच्या बलकावर जगतो. त्या वेळी बाटली ओतलीस तर पाणी तेवढं नासेल. आठेक तासांनी कात टाकून तो दुसऱ्या अवस्थेत आला की पाण्यातलं जे बारीक मिळेल ते गाळून गिळायला लागतो. तेव्हा द्रावण घालायचं, १२ ते २४ तास, हवा चालू ठेवून. मग बारीक फडक्यातून गाळायचं, स्वच्छ पाण्यात धुवायचं, आणि लगेच पिल्लांना द्यायचं. लगेच म्हणजे लगेच. आर्टेमिया ते डीएचए आपल्याच कामाला वापरून टाकतो. सकाळी भरलेला संध्याकाळी तेवढा भरलेला राहत नाही. उरला तर फ्रिजमध्ये, गारठ्यात तो टिकतो. आणि टरफलं? ती पिल्लांच्या पोटात जाऊन अडकतात. हवा बंद केली की टरफलं वर येतात, जिवंत आर्टेमिया उजेडाकडे धावतो. बॅटरी एका बाजूला खाली धरायची, नळीनं तेवढाच ओढून घ्यायचा. दहा मिनिटांचं काम. तू आर्टेमिया उबवलेली अख्खी बाटली उपडी करत होतास, तळाचा गाळ साक्षीला आहे. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, तळ रोज ओढून साफ, आणि दिवा एकदम लावायचा नाही, आधी खोलीतला, मग टाकीचा. तीन-चार आठवड्यांनी बारीक केलेला गोठवलेला मायसिस खायला शिकवायचा. पुढचं मला विचारायला ये, आत्ता तुला त्याची गरज नाही.

बस आता. चहा घे. बोलणं संपलेलं नाही.

त्या टाकीत पिल्लांना लपायला काय होतं? गुळगुळीत तळ आणि चार काचा. या माशाची पिल्लं कुठे वाढतात ठाऊक आहे? लांब काळ्या काट्यांच्या सी अर्चिनच्या काट्यांमध्ये. संकट आलं की सगळी आत. तुला खरा अर्चिन आणायला सांगत नाही, त्याचे काटे विषारी असतात आणि तुझा धांदरटपणा मला माहीत आहे. पण काळे केबल टाय एका प्लास्टिकच्या जाळीदार चेंडूला ओवले की पिल्लं त्यालाच अर्चिन समजून चिकटतात. तुझ्या ऑफिसात केबल टायची पोती पडलेली असतील.

समुद्रातसुद्धा तो आसरा कमी झालाय, आणि आता मला जे खरं टोचलंय ते सांगतो. मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस, ‘या महिन्यात अजून एक जोडी आणतो, मोठी, तयार.’ तयार म्हणजे कुठून आली? हा मासा मुळात जगात एकाच ठिकाणचा, इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या पूर्वेला असलेल्या बांग्गाई बेटांचा. वॉल्टर काउडर्न नावाच्या स्वीडिश माणसानं १९२० मध्ये नमुने गोळा केले, १९३३ मध्ये त्याचं नाव शास्त्रात आलं, म्हणून तो टेरापोगॉन काउडर्नी. मग साठएक वर्षं कुणाला त्याची आठवण नव्हती. १९९४ मध्ये जेराल्ड ॲलननं तो पुन्हा पुढे आणला, आणि एवढा देखणा मासा म्हटल्यावर बाजार तुटून पडला. काही वर्षांतच वर्षाला लाखोंनी उपसा. २००७ मध्ये तो आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त म्हणून गेला. वर काय झालं, तिथले अर्चिन आणि समुद्रफुलंही लोकांनी उचलली, म्हणजे पिल्लांची घरंही गेली.

ज्या गुणामुळे हा मासा तुला सोपा होता, त्याच गुणानं समुद्रात त्याचा घात केलाय. त्याची पिल्लं वाहत जात नाहीत. बाप जिथे सोडेल तिथेच, त्याच उथळ खाडीत, त्याच काट्यांत वाढतात. इतर माशांची खाडी उपसली तरी प्रवाहाबरोबर दुसरीकडच्या अळ्या येऊन ती पुन्हा भरते. यांची भरत नाही. दोन बेटांमधलं खोल पाणी यांना ओलांडता येत नाही. थोड्याच अंतरावरच्या झुंडीही जनुकांनी वेगळ्या निघाल्या आहेत. एक खाडी रिकामी झाली की तिथली ती झुंड कायमची संपते. आणि धरलेल्यांतले कित्येक दुकानापर्यंतही पोचत नाहीत. प्रवासात जातात, वर एका विषाणूचा रोग आहे त्यांच्यात, त्यावर औषध नाही. तो आणलास तर तुझी ही जोडीही जाईल.

घरात वाढवलेलं एक पिल्लू म्हणजे समुद्रातून धरलेला एक मासा कमी विकला जाणं, हा या छंदातला एकमेव मोठेपणा. तो तुझ्या हातात आयता आला होता. १९९० च्या दशकातच अमेरिकेत हौशी लोकांनी घरच्या टाकीत ही पिल्लं वाढवून दाखवली. अलेहान्द्रो व्हाजेलीनं १९९९ मध्ये अंड्यापासून पिल्लापर्यंतचा सगळा क्रम लिहून छापला. तुला शोध लावायचा नव्हता. वाचायचं होतं. टाकीच्या दिव्याला जेवढे पैसे घातलेस त्याच्या शतांशात काम होत होतं.

तेव्हा नवीन जोडी आणायची नाही. आणलीस तर या घराची पायरी चढू नकोस. आहे त्या जोडीकडे बघ. काल पाहिला मी तो नर, पोट खपाटीला गेलंय त्याचं, आणि मादी पुन्हा त्याच्याभोवती थरथरत फिरतेय. ती लवकरच तयार होईल, तो होऊ नये. महिनाभर तरी मादी जाळीच्या पलीकडे ठेव, आणि नराला दिवसातून दोनदा मायसिस, त्या सीलबंद बाटलीतलं थेंबभर लावून. बाटली उघडायला एवढं निमित्त पुरे आहे.

आणि एक वही घाल. वही, मोबाईल नाही. आजची तारीख, खारटपणा, तापमान, नरानं खाल्लं की नाही. स्पंज फिल्टर आज रात्रीच मोठ्या टाकीत टाक. आर्टेमियाची अंडी या रविवारी उबवून बघ, किती फुटतात ते वहीत लिही, आणि पुढच्या रविवारी वही घेऊन ये. पेढे आणू नकोस, मला साखर आहे.